शेजारती नसलेले देऊळ

तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा झोपते, हे आमच्या पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. ज्यांची ती कुलस्वामिनी आहे त्यांना तर असेलच असेल. शारदीय नवरात्रापूर्वी तिची घोरनिद्रा, दसऱ्याचे सीमोल्लंघन आटोपले की कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्र बसण्यापूर्वी मोहनिद्रा. बहुतेक देवळांतील मुख्य मूर्ती एकदा बसली की जागची हलत नाही. तुळजापूरची मूर्ती मात्र चल आहे. तिला सिंहासनावरून उचलून शेजघरातल्या पलंगावर निजवतात आणि तेवढे दिवस सिंहासनावरचे अभिषेक बंद राहतात. "आई निद्रेत आहे," असे पुजाऱ्यांनी सांगितले की लांबून गाडीभाडे खर्चून आलेला यजमानदेखील हुज्जत घालत नाही. साऱ्या जगाचा संसार पाहणाऱ्या आईला विश्रांती लागते, हे म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत सर्वांना पटते.

पटत नाही ते एवढेच, की ती आपल्यालाही लागते!

हा विषय सुचण्याचे कारण सांगतो. याच देवीच्या दर्शनाची आता एक नवी सोय झाली आहे. घाटशीळ नको, रांग नको, एस. टी. नको. देवस्थानचे संकेतस्थळ उघडले की थेट दर्शन फोनवर घडते. या सोयीची खरी किंमत महाराष्ट्राला 2020 साली कळली. त्या वर्षी मार्चमध्ये करोनामुळे देवळे बंद झाली आणि आश्विनातले नवरात्र भाविकांवाचून पार पडले. देवळे उघडली ती 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. तोवर ज्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या नवरात्रात तुळजापूरची वारी चुकली नव्हती, त्यांनी ती हातातल्या फोनवर पुरी केली.

आमच्या परिचयातील एक आजी त्या नवरात्रात रोज सकाळी स्नान करून, डोक्यावरून पदर घेऊन, पितळी डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनसमोर बसत. नातू म्हणाला, "आजी, पदर कशाला? आपण घरातच आहोत. तिकडून आपण काही दिसत नाही."

आजी म्हणाल्या, "अरे बाळा, तुला ती दिसते ना? मग तिला आपण दिसत नसू, असं कसं होईल?"

ही श्रद्धा भाबडी म्हणून हसण्यावारी नेण्याचे धाडस आम्हाला तरी झाले नाही. दूर असलेले माणूस जवळ आणून देणे, हेच तर या यंत्राचे पहिले आणि मोठे सुख आहे.

आणि सुखाला सुख म्हणण्याची लाज का वाटावी? "त्या फोनमध्ये आहे काय एवढे?" असे फणकाऱ्याने विचारणारी मंडळी आम्हाला भेटतात. त्यांना आम्ही सांगतो, पुष्कळ आहे हो! कोजागरीला लक्षावधी माणसे तुळजापुराकडे चालत निघतात. सोलापूरहून ही वाट सुमारे 45 किलोमीटरांची. ज्यांचे गुडघे कुरकुरू लागले आहेत त्यांनी ती कशी चालावी? न्यू जर्सीत बाळंत झालेल्या मुलीचे तान्हुले आंघोळीनंतर कसे दिसते, हे बार्शीच्या आईला दुसऱ्या कोणत्या मार्गाने कळणार होते? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची दुसरी आवृत्ती 1857 ची आणि जो पाहायला एके काळी मोठ्या ग्रंथालयाचा उंबरा झिजवावा लागे, तो आज खेड्यातल्या शिक्षकाला फुकट पाहता येतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली सुरू झालेला मराठी विश्वकोशही तसाच खुला आहे. चकलीची भाजणी बिघडली तर ती कशी सुधारावी, हे रात्री अकरा वाजता सांगणारी सुगरण तिथे असते आणि ती "आता झोपा हो!" असे कधी म्हणत नाही.

पण थांबा, तिचे ते न म्हणणे हीच तर सगळी मेख आहे.

आपल्याकडे सर्वसामान्य लोकांना इंटरनेट मिळाले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी, विदेश संचार निगमकडून. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना टेलिफोनच्या तारेतून येणारी ती खरखर आणि शीळ अजून आठवत असेल. तारेवर इंटरनेट चालू असले की घरचा फोन लागत नसे आणि मिनिटामिनिटाला पैसे पडत. पुढे गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. तिथे तर मालक घड्याळ घेऊनच बसलेला! तास भरला की पाठीमागचा मुलगा खुर्ची धरून उभा राही. तेव्हा लोक आत जाण्यापूर्वी काय काय पाहायचे याची यादी कागदावर लिहून नेत. काम झाले की उठत.

मग सप्टेंबर 2016 उजाडला, जिओने सुरुवातीला फुकट डेटा वाटला आणि साऱ्याच कंपन्यांचे दर कोसळले. सरकारी आकड्यांप्रमाणे 2014 साली एका जीबी डेटाला सरासरी सुमारे 269 रुपये पडत. दहा वर्षांनी तोच डेटा दहा रुपयांच्या आत आला. स्वस्ताई झाली याचा आनंद आहेच. तिने गरिबाच्या मुलाच्या हाती जग दिले. पण माणसाचा स्वभाव मोठा विचित्र. पैसे मोजून घेतलेला वेळ तो जपून वापरतो आणि फुकट मिळालेला उधळतो. रुपये लागेनासे झाले तेव्हा आपल्याला वाटले, आता काहीच लागत नाही. लागत होतेच. फक्त ते पाकिटातून जात नसल्यामुळे दिसत नव्हते.

आता कोणी म्हणेल, नव्या करमणुकीच्या नावाने बोटे मोडणे ही म्हाताऱ्यांची जुनीच खोड आहे. खरे आहे. का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवण्याची आपल्याला सवय लागली. त्या काळीही सुनेने कादंबरी वाचलेली कित्येक सासूबाईंना खपत नव्हती. 1957 मध्ये विविध भारती आली तेव्हा 'पोरे गाण्यांनी बिघडली' आणि 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हा 'पोरे चित्रांनी बिघडली'. पोरे काही बिघडली नाहीत. त्यांतलीच कित्येक आज आजोबा होऊन 'पोरे मोबाईलने बिघडली' असे म्हणत आहेत!

तरीही एक फरक आहे, आणि तो लहान नाही. कादंबरीला शेवटचे पान होते. नाटकाचा तिसरा अंक संपला की पडदा पडे आणि माणसे घराकडे वळत. आकाशवाणीच्या दिवसाच्या सभा असत आणि रात्रीची सभा समाप्त झाल्याचे निवेदक स्वतःच सांगे. दूरदर्शनही सुरुवातीला संध्याकाळचे थोडे तास दिसे आणि मग रजा घेई. तुळजापूरच्या देवळात पहाटे चरणतीर्थाने दिवस उघडतो आणि रात्री प्रक्षाळपूजा, शेजारती होऊन मिटतो. 'आता पुरे' म्हणण्याचे काम आपल्यावर कधी पडलेच नव्हते. ते कोणीतरी आपल्यासाठी करून ठेवलेले असे.

फोनमध्ये हे 'पुरे' म्हणणारे कोणी नाही. नुसते नाही असे नव्हे, ते मुद्दाम काढून टाकलेले आहे. पूर्वी संकेतस्थळावरही पाने असत. एक पान संपले की दुसऱ्यासाठी कळ दाबावी लागे. त्या क्षणभरात 'आता उठू या' हा विचार मनात डोकावे. अझा रास्किन नावाच्या अमेरिकन तरुणाने 2006 साली अशी रचना काढली की पान संपूच नये. बोट वर सरकवावे आणि खाली आणखी येतच राहावे. उद्देश चांगला होता, लोकांचे श्रम वाचावेत हा. पुढे तिचे काय झाले ते पाहून त्याने स्वतःच जाहीरपणे हळहळ व्यक्त केली. एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होण्याची युक्ती तिच्याच जातीची. ताटात वाढणारा हात थांबतच नसेल तर पोट भरल्याचे कळायचे कसे? आग्रह करणाऱ्या यजमानाला 'पुरे पुरे' म्हणता येते. ज्याचा हातच दिसत नाही त्याला काय म्हणणार?

तुळजापूरच्या देवळात मागच्या बाजूला चिंतामणी नावाचा एक वाटोळा दगड आहे. भाविक त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरतात. दगड उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार. आणि मुळीच हलला नाही तर? तर काम व्हायला वेळ लागेल, धीर धरा. यात दैव किती आणि हाताचा जोर किती, या वादात आम्ही शिरत नाही. आम्हाला मौज वाटते ती त्या तिसऱ्या उत्तराची. विचारणाऱ्याला 'आता घरी जा आणि वाट पाहा' असे सांगण्याची सोय त्या दगडात आहे. फोनमध्ये ती नाही. त्याला काहीही विचारा, तो गप्प बसत नाही. एका प्रश्नाची हजार उत्तरे देतो आणि त्यांच्याबरोबर न विचारलेल्या दहा गोष्टी पुढे सरकवतो. डोके का दुखते एवढेच पाहायला बसलेला गृहस्थ तासाभराने उठतो, तो तीन दुर्धर रोग, दोन नट्यांची लग्ने आणि सवलतीतली एक इस्त्री घेऊन!

वेळ जातो हे तर आहेच. पण तो कुणाच्या वाट्याचा जातो, हा खरा प्रश्न आहे. कोणत्याही मध्यमवर्गीय घरात रात्री साडेनऊला डोकावून पाहा. चार माणसे, चार कोपरे, चार उजेड.

"अहो, ऐकलंत का? उद्या भाजी कसली करू?"

"हूं."

"दोडका करू का?"

"हूं."

"की दगड शिजवू?"

"चालेल. पण तिखट कमी घाल."

या संवादात नवऱ्यालाच दोष देऊ नका. दुसऱ्या दिवशी हाच संवाद उलट दिशेने होतो. मुलगी कॉलेजातली एक गोष्ट सांगायला येते आणि आईचे डोळे मालिकेवर असतात. आईचे डोळे उचलले जाईपर्यंत मुलीची गोष्ट विरून जाते. ती गोष्ट मग ती कोणाला सांगते? फोनलाच सांगते! आजोबा तर दोन्हीकडून पोरके. त्यांच्याशी बोलायला कोणी नाही म्हणून त्यांनाही एक फोन दिलेला असतो, आणि 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे' असे धमकावणारा भामटा नेमका त्यांनाच गाठतो. असल्या अटकेला आपल्या कायद्यात जागाच नाही. फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आज जेवताना जरूर सांगा. पण भामट्याशी दोन-दोन तास बोलत राहण्याइतका एकांत आजोबांना आपल्याच घरात कसा मिळाला, हेही त्याच वेळी स्वतःला विचारा.

मुलांचे दुखणे अधिक कठीण. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने यासाठी 2014 साली स्वतंत्र दवाखाना सुरू केला. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये खेळांच्या व्यसनाला रोगांच्या यादीत जागा दिली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांना मनाई करणारा कायदा आपल्या संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला. म्हणजे दुखणे काल्पनिक नाही, एवढे तरी मानायला हरकत नसावी. पण सरकार फार तर जुगाराचा अड्डा बंद करील. 'बाळ, आता झोप' हे काही संसदेला म्हणता येणार नाही.

मग म्हणायचे कोणी? याचे आम्हाला पटलेले उत्तर कोण्या मोठ्या शहरातून नव्हे, सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून आले. कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव हे साधारण तीन हजार वस्तीचे, उसाच्या शेतीचे गाव. करोनाच्या काळात शाळा फोनवर भरली. पुढे शाळा उघडली, पण फोन काही मुलांच्या हातून सुटेना. 2022 च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावातल्या स्त्रियांच्या सभेत विषय निघाला आणि सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने ठरले की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल. तो वाजला की साऱ्या गावाने टीव्ही आणि मोबाईल बाजूला ठेवायचे; साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास करावा आणि मोठ्यांनी वाचावे, बोलावे. सुरुवातीला लोक हसले. मग ग्रामपंचायतीची माणसे, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक घरोघर फिरले आणि गाव हळूहळू वळणावर आले. तुळजापूरच्याच जिल्ह्यात, उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनेही असाच भोंगा बसवून संध्याकाळी सहा ते आठची वेळ ठरवली. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने त्याच वर्षी अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्याची सरसकट बंदी करणारा ठराव केला.

या तीन गावांपैकी आमचे मत भोंग्याला आहे, बंदीला नाही. बंदी फक्त मुलांना होती; भोंगा थोरांनाही होता. एकट्या पोराच्या हातून फोन काढून घेतला की ती शिक्षा होते. घरदार, शेजारीपाजारी सगळ्यांनी मिळून तो ठेवला की ती रीत होते. शिक्षेतून माणूस पळवाट काढतो, रीत मात्र आपोआप अंगवळणी पडते. एकट्याने निश्चय करून फोन ठेवणाऱ्याला सारखे वाटत राहते, तिकडे काहीतरी चालले असेल आणि आपण मुकतो आहोत. साऱ्यांनीच ठेवला की तिकडे काही चाललेलेच नसते! मुकण्याची भीतीच उरत नाही. आणि संध्याकाळचे सात म्हणजे तरी कोणती वेळ? आपली जुनी दिवेलागणीचीच. याच वेळी मुले परवचा म्हणत, शुभंकरोति म्हणत. वडगावने नवे काही काढले नाही. निसटलेली एक वेळ फक्त परत जागेवर बसवली.

शहरातल्या वाचकांची अडचण आम्हाला दिसते. तिथे ना देवळावर भोंगा, ना सरपंच. शिवाय कित्येकांची नोकरीच फोनवर. साहेबाचा निरोप रात्री दहालाही येतो, मुलाचा गृहपाठ शाळेच्या गटात येतो, बँक तिथेच आणि विजेचे बिलही तिथेच. फोन विहिरीत टाका, असा उपदेश करणाऱ्याने आधी महिनाभर घर चालवून दाखवावे. आमचे म्हणणे टाकण्याचे नाही, निजवण्याचे आहे. देवी निद्रेत असते म्हणून तुळजापूर ओस पडत नाही आणि तिच्यावरची कोणाची श्रद्धाही उणावत नाही. उलट निद्रा संपवून ती सिंहासनावर परतते त्या दिवशी दर्शनाची गोडी वाढलेली असते. दिवसातून तास-दीड तास, घरातल्या सर्वांचे फोन एका जागी ठेवायचे, आणि त्यात पहिला फोन घरातल्या कर्त्या माणसाचा असायचा. एवढ्यावर सगळे येते. साहेबाच्या दहाच्या निरोपाला साडेसातला फोन ठेवल्याने काही बाधा येत नाही.

पहिले तीन-चार दिवस जड जातील, हे आधीच सांगून ठेवतो. काय बोलावे ते सुचणार नाही. जांभया येतील, मुले तोंडे फुगवतील, कोणीतरी दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहील. तरी धीर सोडू नये. चिंतामणीचा दगड हलला नाही तर वाट पाहायची असते. मग एखाद्या दिवशी आजी आपल्या लग्नातली फजिती सांगू लागतील, मुलगी कॉलेजातली अर्धी राहिलेली गोष्ट पुरी करील आणि गृहस्थांना कळेल की उद्या भाजी दोडक्याची आहे.

सुरुवातीला दिवाळीसारखा मुहूर्त नाही. तुळजापुरात दिवाळीला काळभैरवाची भेंडोळी निघते. पेटलेल्या पोतांचा तो लोळ खांद्यावर घेऊन माणसे धावतात आणि पाहता पाहता नजरेआड होतात. असले दृश्य पाहताना आजकाल कित्येक हात फोन धरून वर गेलेले असतात. आग पाहायची ती डोळ्यांनी, पण माणूस पाहतो काचेत. त्याचे चित्र उद्याही मिळेल, दुसऱ्या कोणीतरी घेतलेले असेलच. आपल्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या तोंडावर पडलेला तो उजेड मात्र कोणी पाठवणार नाही. तो तेवढ्यापुरताच असतो.

तेव्हा वाचकहो, यंदा चार दिवस तरी पणती लावताना घरच्या फोनांची शेजारती करा. त्यांनाही झोप मिळेल आणि आपल्यालाही जाग येईल. आमच्या वाट्याचे पान इथे संपले. याच्याखाली आपोआप दुसरे काही येणार नाही. अंक मिटून खुशाल फराळाला बसा.